मदत हवी आहे: बाळाला उलट्या-जुलाब, ओआरएस देऊनही वाढतच आहेत

वैतागवाडी (रात्री 9.40)
कालपासून जुलाब, आज सकाळपासून उलट्या. ओआरएस चालू आहे तरी फरक नाही, उलट वाढलंय. संध्याकाळी उलटीचं औषध दिलं, ते दहा मिनिटांत बाहेर. परत द्यायचं का, आणि किती वेळाने? एवढंच सांगा. 'डॉक्टरांना दाखवा' असं कुणी लिहू नका, सकाळी दाखवूनच औषध आणलंय.

गवतीचहा (9.44)
वय किती? वजन? ताप आहे का? जुलाबात रक्त? तुम्ही कुठे आहात?

काकाश्री (9.46)
दात येत असणार. आमच्या तिन्ही पोरांना असंच व्हायचं. सहाणेवर जायफळाचे दोन वळसे उगाळून चाटवा, सकाळपर्यंत ठणठणीत.

वैतागवाडी (9.49)
14 महिने. ताप नाही, रक्त नाही. दात सहा आलेत, काका. माझा प्रश्न औषधाचा होता.

तिरफळ (9.52)
जायफळ अजिबात नको. जायफळाने पोर पेंगतं. मग ते जायफळाने पेंगतंय की अंगातलं पाणी कमी झाल्याने, हे रात्री दोन वाजता कोण सांगणार?

काकाश्री (9.54)
पिढ्यान्‌पिढ्या देतायत. सगळी जगलीच ना?

तिरफळ (9.55)
जी जगली नाहीत ती इथे लिहायला येत नाहीत, काका.

निवृत्त_सिस्टर (9.57)
दादा, औषध बाजूला ठेवा जरा. शेवटची शू कधी झाली? रडताना डोळ्यांत पाणी येतंय का? हाक मारली की बघतो का?

वैतागवाडी (9.58)
मी पुण्यात आहे, बायको आणि बाळ गावी, पाटणच्या वर. फोन करून विचारतो.

फिल्टरवाला (10.01)
गावी आरओ आहे का? मूळ कारण पाणी असतं. झऱ्याचं पाणी असेल तर मी एक मॉडेल सुचवू शकतो, वीज लागत नाही.

वैतागवाडी (10.06)
दुपारपासून डायपरमध्ये फक्त जुलाब आहे, शू वेगळी कळत नाही. रडतो पण पाणी नाही. अंगावर घेतो आणि मध्येच सोडतो. शेजारच्या काकू म्हणाल्या दूध बंद करा, बाधतंय. आई म्हणते टाळू खोल गेलीय, तेल भरू या.

निवृत्त_सिस्टर (10.10)
आईंनी बरोबर ओळखलं, पण तेल भरून टाळू वर येत नाही. आतलं पाणी आटलंय म्हणून ती बसली. दूध बंद करायचं नाही, मागेल तेव्हा पाजा. वहिनींना सांगा, बेंबीच्या बाजूची कातडी चिमटीत धरून सोडा आणि वळी किती वेळ राहते ते बघा. आणि ओआरएस नेमकं कसलं? पुडी किती पाण्यात कालवली?

वैतागवाडी (10.13)
पुडी नाही, खोक्यातलं. सफरचंदाच्या चवीचं. मीच मागच्या उन्हाळ्यात इथून नेऊन ठेवलं होतं. कालपासून सहा खोकी झाली, आवडीने पितो.

तिरफळ (10.15)
ते आत्ताच्या आत्ता बंद! ते ओआरएस नाहीच, साखरपाणी आहे. खऱ्या पुडीत लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं, 2.6 ग्रॅम मीठ, शिवाय पोटॅशियम आणि सायट्रेट. खोक्यात साखर कित्येक पट, मीठ नावाला. आतड्यात एवढी साखर गेली की ती अंगातलंच पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात. म्हणून तर ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआयने (अन्नसुरक्षेची केंद्रीय संस्था) असल्या पेयांच्या नावात ओआरएस लिहायला बंदी केली. तुमचा माल त्याआधीचा.

वैतागवाडी (10.16)
मेडिकलवाल्याने 'लहान मुलांचं ओआरएस' म्हणूनच दिलं होतं हो.

बखरकार (10.19)
या निमित्ताने आठवलं. 1971 साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीची (कॉलऱ्याची) साथ होती, सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ड्रमने वाटलं. दगावणाऱ्यांचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते चारच्या खाली आलं. 2023 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण...

गवतीचहा (10.20)
बखरकार, नंतर. पोराचं बघू द्या आधी.

वैतागवाडी (10.22)
वळी लगेच गेली नाही, हळूहळू गेली. बायको म्हणते दोन सेकंद तरी. जागा आहे, पण हाक मारली तर बघत नाही, नुसता पडून आहे.

निवृत्त_सिस्टर (10.24)
मग आता घरी थांबायचं नाही. 108 लावा, ती येईपर्यंत कुणाची गाडी मिळाली तर तीत निघा. सकाळी डॉक्टरांनी पाहिलं तेव्हा असा नव्हता. निघता निघता आशाताईंचं (गावच्या आरोग्यसेविकेचं) दार वाजवा, त्यांच्याकडे पुड्या असतात. एक पुडी, एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सगळी एकदम. गिळत असेल तर वाटेत चमच्या-चमच्याने, उलटी झाली की दहा मिनिटं थांबून पुन्हा. गिळत नसेल तर तोंडात काही ओतू नका.

कोयनाकाठ (10.26)
आशाताई नसल्या तर चिमूटभर मीठ, मूठभर साखर, एक पेला पाणी.

तिरफळ (10.27)
चिमूट कुणाची, मूठ कुणाची? मीठ जास्त झालं तर तेही पोराच्या जिवावर. मोजून घ्या: एक लिटरला सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. आधी स्वतः चाखा, अश्रूंपेक्षा खारट लागलं तर फेकून द्या.

वैतागवाडी (10.31)
शेजारच्यांची जीप मिळाली. निघाले. पुडी आशाताईंनीच भरून दिली. मीही निघतोय, कराडला गाठतो.

वैतागवाडी (दुसऱ्या दिवशी, दुपारी 1.15)
रात्री पोचल्या पोचल्या सलाईन लावलं. लसीच्या वेळी वजन 9.2 होतं, काल साडेआठ भरलं. पहाटे चारला शू झाली, आम्ही दोघं त्या ओल्या डायपरकडे बघून हसत होतो. आता पुडीचं पाणी तोंड वाकडं करून पितोय. झिंकच्या गोळ्या दिल्यात चौदा दिवसांच्या, पण जुलाब आताच कमी झालेत. सगळ्या द्यायच्या का?

निवृत्त_सिस्टर (1.22)
सगळ्या, चौदा दिवस. जुलाब थांबले तरी. चमचाभर पाण्यात किंवा अंगावरच्या दुधात विरघळवून द्या. चव पत्र्यासारखी लागते, थुंकेल थोडा.

फिल्टरवाला (1.40)
आरओचं काय ठरलं?

काकाश्री (1.52)
बरं वाटलं वाचून. आमच्याकडेही तसली दोन खोकी आहेत, नातवासाठी आणून ठेवलेली. ती मोठ्यांनी प्यायली तर चालतील का?