आवाज तुटतोय? ‘बफर वाढव’ हा सल्ला आता बंद करा

खर्जतार (धागाकर्ता)
मंडळी, मुद्दाम वेगळा धागा काढतोय, कारण रेकॉर्डिंगमध्ये आवाज तुटतो म्हणून गेले तीन आठवडे ज्याला विचारावं तो एकच सांगतो, बफर (कॉम्प्युटर आवाज तात्पुरता साठवतो ती जागा) वाढव. माझं मत आहे की हा सल्ला चुकीचा आहे, निदान पहिला सल्ला म्हणून तरी नक्कीच चुकीचा आहे.

माझं घर मिरजेत, घरात तानपुऱ्याचं काम, काका जवारी लावतात (घोडीचा माथा घासून तारेचा नाद खुलवतात) आणि मी रियाजासाठी तानपुऱ्याचे ट्रॅक रेकॉर्ड करून देतो, काळी एकपासून पांढरी पाचपर्यंत, प्रत्येकी अर्धा तास, मध्ये कट नाही. जुना लॅपटॉप बसला म्हणून नवा घेतला आणि नव्यावर आवाज तुटायला लागला. गाण्यात तबला, टाळ वगैरे असतील तर बारीक टक् लपून जातो, तानपुऱ्यात नाही लपत. जोडीच्या तारा छेडल्यावर जो नाद तरंगत राहतो ना, त्याच्या बरोब्बर मधोमध नखाने कागदावर टिचकी मारल्यासारखा टक्. वेव्हफॉर्म मोठा करून बघितला तर लाट मधेच कापलेली आणि पुढचा तुकडा सरकवून चिकटवलेला. म्हणजे नुसता ऐकताना तुटत नव्हता, फाईलमध्येच तुटलेला उतरला होता, तो टेक गेलाच.

ज्या दुकानातून लॅपटॉप घेतला ते म्हणाले रॅम कमी पडतेय. ८ ची १६ जीबी केली, पैसे गेले, टक् तसाच. टास्क मॅनेजर म्हणतो सीपीयू ९ टक्के. मग कुठला ड्रायव्हर (उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) प्रोसेसरला किती वेळ अडवतो ते मोजणारं लेटन्सीमॉन नावाचं फुकट मिळणारं टूल चालवलं, दहा मिनिटं तसंच चालू ठेवलं आणि ड्रायव्हर्सच्या यादीत सगळ्यात वर कोण आलं तर वायफायचा ड्रायव्हर, एका दमात २.८ मिलिसेकंद प्रोसेसर अडवून बसलेला. आता माझा बफर १२८ सॅम्पलचा (सॅम्पल म्हणजे आवाजाचं एक मोजमाप), सॅम्पल रेट सेकंदाला ४८,०००, भागाकार करा, २.६७ मिलिसेकंद येतात. बफर म्हणजे ओंजळ समजा. रेकॉर्ड करताना साउंड कार्ड ओंजळ भरतं, सॉफ्टवेअरने ती पुढची भरायच्या आत रिकामी करायची. २.६७ मध्ये रिकामी व्हायला हवी आणि प्रोसेसरला दुसऱ्यानेच २.८ धरून ठेवलाय, मग सांडणारच. डिव्हाईस मॅनेजरमधून वायफाय डिसेबल केलं, बाकी कशालाही हात लावला नाही, अर्धा तास काळी एक वाजवला, एकही टक् नाही. कारण सापडलं ते मोजल्यामुळे, बफर वाढवून नाही.

माईकमावशी
तुमचा त्रास खरा आहे पण निष्कर्ष पटला नाही. मी पुण्यात घरून ऑडिओबुकचं वाचन करते, रोज चार-पाच तास माईकसमोर असते. माझा बफर १०२४ आहे आणि तो मी कधी खाली आणलेला नाही. बफर मोठा की सॉफ्टवेअरमधून परत येणारा आवाज उशिरा येतो हे खरं, पण मला माझा आवाज तिथून परत ऐकायचाच नसतो, इंटरफेसवर (माईक कॉम्प्युटरला जोडायची पेटी) डायरेक्ट मॉनिटरिंगचं बटण आहे, माईकचा आवाज कॉम्प्युटरच्या आत न जाता थेट हेडफोनला येतो, मग बफर १२८ असो नाहीतर २०४८, माझ्या कानाला काय फरक पडतो? तुम्ही तर तानपुरा रेकॉर्ड करताय, तुम्हाला १२८ ठेवायची गरजच काय होती ते आधी सांगा. १०२४ म्हणजे २१ मिलिसेकंद झाले, तुमचा तो वायफायवाला २.८ काय नि ६ काय, त्यात आरामात बसतो. कलाकाराने ड्रायव्हर शोधत बसायचं का? घसा चांगला असतो तो वेळ सकाळचा दोन तासांचा, तो मी लेटन्सीमॉनसमोर घालवणार नाही.

खर्जतार
मावशी, १२८ ची गरज नव्हती हे मान्य, जुन्या प्रोजेक्टमधून सेटिंग तसंच आलं होतं. पण बफर वाढवूनही बघितलंय मी. १२८ वर अर्ध्या तासात पाच-सहा टक् यायचे. २५६ वर एक. ५१२ वर पहिला अर्धा तास स्वच्छ, मी खूश झालो, आणि तिसऱ्या ट्रॅकच्या अठराव्या मिनिटाला एक आला. माझी तक्रार नेमकी ही आहे. बफर वाढवला की दोष जात नाही, विरळ होतो, आणि विरळ दोष जास्त वाईट, कारण जो मिनिटाला येतो तो रेकॉर्ड करतानाच कळतो, जो दीड तासाने एकदा येतो तो गाणारी बाई गाऊन गावाला परत गेल्यावर कळतो.

कळफलक
मी कीबोर्ड वाजवते आणि सॉफ्टवेअरमधलाच हार्मोनियम वापरते, त्यामुळे मावशींचं डायरेक्ट मॉनिटरिंग मला उपयोगाचं नाही. कळ दाबल्यावर आवाज तयारच कॉम्प्युटरमध्ये होतो, तो बाहेर यायलाच लागतो. १०२४ वर द्रुत लयीत वाजवून दाखवा कुणीतरी, बोटं एका मात्रेवर आणि सूर मागून येतोय, दोन आवर्तनांत लय ओढली जाते. ‘बफर वाढव’ हा सल्ला फक्त माईकवाल्यांना चालतो, आमच्यासाठी तो म्हणजे वाजवणं बंद कर असं सांगण्यासारखंच आहे.

माईकमावशी
थोडं जास्त होतंय हं हे. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो. मैफलीत गवयापासून तबलजी दीड-दोन मीटरवर बसतो, म्हणजे पाच-सहा मिलिसेकंद उशीर तिथेही आहेच की, मोठ्या स्टेजवर त्याहून जास्त. कुणाची लय बिघडत नाही. ५१२ म्हणजे १०.६७ मिलिसेकंद, साडेतीन मीटर झाले. सवय होते.

कळफलक
एकाच बाजूचा हिशोब केलात मावशी. माईक आत जातानाचा एक बफर आणि हेडफोनला बाहेर येतानाचा दुसरा, गायकाला सॉफ्टवेअरमधून ऐकवायचं तर ५१२ वर दोन्ही मिळून २१ च्या वर जातं, शिवाय कार्डाचा स्वतःचा थोडा वेळ असतोच तो वेगळा. आणि दुसऱ्याचा तबला उशिरा ऐकणं वेगळं, स्वतःचा गळा उशिरा ऐकणं वेगळं. स्वतःचा आवाज हाडांतून लगेच ऐकू येतो आणि तोच हेडफोनमधून मागून येऊन त्यात मिसळतो, उशीर थोडा असला तर पिंपात तोंड घालून गातोय असं वाटतं आणि जास्त असला तर सरळ दोन गळे ऐकू येतात. आमच्याकडे गायला येणाऱ्या एक ताई १२८ वर मस्त गायल्या आणि ५१२ केल्यावर हेडफोनचा एक कान काढून टाकला त्यांनी, का विचारलं तर म्हणाल्या सूर सापडत नाहीये. त्यांना बफर म्हणजे काय माहितही नाही.

सोल्डरवाला
मी कॉम्प्युटर दुरुस्तीत आहे आणि असे ‘नवा घेतला तरी आवाज तुटतो’वाले बरेच येतात, मला दोघांचंही पूर्ण पटत नाही. खर्जतार, तुमच्या केसमध्ये लेटन्सीमॉनने कारण दाखवलं, चांगलं झालं, पण आता लोक तेच धरून बसतील. माझ्याकडे एका भजनी मंडळाचा लॅपटॉप आला होता, लेटन्सीमॉन सगळा हिरवा, बफर १०२४ करूनही ठरावीक अंतराने टक्, अगदी घड्याळ लावल्यासारखा. कारण काय, माईक यूएसबीचा आणि हेडफोन लॅपटॉपच्या स्वतःच्या जॅकमध्ये, दोन्ही एकत्र जोडून वापरत होते. दोघांची घड्याळं वेगळी. दोन्ही म्हणणार आम्ही ४८,००० वर आहोत पण एक तसूभर पुढे पळतं, फरक साठत जातो आणि साठला की एक तुकडा गळतो किंवा दोनदा वाजतो. यात बफर कितीही वाढवा, फारतर उशिरा तुटेल. हेडफोन त्याच यूएसबी माईकच्या जॅकमध्ये लावला, ड्रायव्हर एकाच उपकरणाचा ठेवला, संपलं.

म्हणून मी आधी विचारतो तुटतो कसा ते सांगा. ठरावीक अंतराने टक् आला की घड्याळांचा घोळ. केव्हाही कसाही येतो, प्रोसेसर रिकामा असतानाही येतो, तर ड्रायव्हर नाहीतर वीज वाचवायची सेटिंग. ट्रॅक आणि प्लगिन (आवाजावर इफेक्ट देणारे जोड-प्रोग्रॅम) वाढवत गेलं की चरचर वाढते, तर प्रोसेसरवर खरंच बोजा आहे आणि तिथे मात्र मावशींचं बरोबर, मिक्सिंग करताना बफर खुशाल १०२४ करा, तेव्हा कुणी गात नसतं. सॅम्पलवालं, म्हणजे डिस्कवरचे रेकॉर्ड केलेले सूर वाजवणारं वाद्य पहिल्यांदा वाजवतानाच अडखळतं आणि दुसऱ्यांदा नीट वाजतं, तर डिस्क बघा.

आणि टास्क मॅनेजरच्या ९ टक्क्यांना काही अर्थ नाही हे पण लिहून ठेवा. ती सगळ्या कोअरची (प्रोसेसरमधले वेगवेगळे भाग, प्रत्येक स्वतंत्र काम करतो) मिळून सरासरी आहे. एका ट्रॅकवरचे प्लगिन एकामागोमाग एक चालतात, पहिल्याचं झाल्याशिवाय दुसऱ्याला माल मिळत नाही, त्यामुळे तो सगळा ट्रॅक बहुतेक वेळा एकाच कोअरच्या गळ्यात असतो. तो एक कोअर घायकुतीला आलेला आणि बाकीचे अकरा जवळजवळ बसून, सरासरी आठ-नऊ. रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये परफॉर्मन्स मीटर आहे, त्यात आरटी (रिअल टाइम) सीपीयूचा आकडा बघा, तो या कामाचा आहे. २०२१ पासून इंटेलच्या बाराव्या पिढीत मोठे कोअर आणि छोटे कोअर असे दोन प्रकार आले, काम चुकून छोट्याकडे गेलं की नवं मशीन जुन्यापेक्षा लंगडं वाटतं, म्हणून तिथे जुन्या विंडोजपेक्षा विंडोज ११ बरं.

वर्कशॉपबाहेर
एवढ्या भानगडीत पडण्यापेक्षा मॅक घ्या. २०२० च्या शेवटी एम१ आला तेव्हापासून मी हा प्रश्न विसरलोय, कोअर ऑडिओ ही ॲपलची आवाजाची यंत्रणा आतच आहे, विंडोजवर लागतो तसा वेगळा एएसआयओ (कमी उशिराचा ऑडिओ) ड्रायव्हर शोधावा लागत नाही.

कळफलक
घेतला असता हो, पण ज्याने कालच नवा लॅपटॉप घेतलाय त्याला दुसरा घे म्हणणं हे उत्तर नाही. आणि तुमच्याकडेही बफरचं सेटिंग आहेच ना, तिथेही ओंजळ तेवढीच, रिकामी करणारे हात दांडगे एवढंच.

खर्जतार
सोल्डरवाले दादा, घड्याळाचं पटलं, मी सरसकट लिहिलं ते चुकलं. तरी माझा मुद्दा तुम्हीच पक्का केलात, कारण आधी शोधायचं आणि उपाय मग. एक विचारतो, व्हिडिओंमध्ये सांगतात पॉवर प्लॅन बदला, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला यूएसबी पोर्ट झोपवणारं सेटिंग) बंद करा, अँटिव्हायरस काढून टाका, सगळं एकदम करून टाकावं का?

सोल्डरवाला
एकदम अजिबात नाही. वीस गोष्टी बदलल्या आणि टक् गेला तर त्यातली कुठली लागू पडली ते कळणार नाही आणि पुढच्या विंडोज अपडेटनंतर परत आला की पहिल्यापासून सुरू. एक बदला, अर्धा तास ऐका, लिहून ठेवा. पॉवर प्लॅन सगळ्यात आधी, कारण तो फुकट आहे आणि बऱ्याचदा तोच असतो. बॅलन्स्डवर प्रोसेसर जरा काम कमी झालं की डुलकी काढतो आणि दचकून उठायला वेळ लागतो, लॅपटॉप चार्जरला लावून हाय परफॉर्मन्सवर टाका. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये बॅलन्स्ड सोडून दुसरा प्लॅन दिसतच नाही, तिथे सेटिंग्जमधला पॉवर मोड बेस्ट परफॉर्मन्स करा. मग यूएसबी सस्पेंड, मग दुसरं पोर्ट, हब असेल तर हब काढून थेट लॅपटॉपला. अँटिव्हायरस काढून टाकू नका, फारतर रेकॉर्डिंगचं फोल्डर स्कॅनमधून वगळा. आणि तुमचं वायफाय कायमचं बंद हाही उपाय नव्हे, कार्डाचा नवीन ड्रायव्हर टाका, नाहीच जमलं तर त्या आधीचा टाकून बघा, मग चालू ठेवून परत मोजा.

माईकमावशी
हे सगळं वाचून सुद्धा मी १०२४ वरच राहणार. तीन वर्षांत माझी फाईल टक् आला म्हणून परत आलेली नाही. ज्याला नुसतं बोलणं रेकॉर्ड करायचंय त्या नवीन मुलामुलींना तुम्ही हे सगळं सांगितलंत तर ते माईकच बंद करून ठेवतील.

खर्जतार
मावशी, तुमची फाईल परत येत नाही त्याला कदाचित दुसरं कारण असेल. बोलण्यात शांतता फार असते. दोन वाक्यांच्या मध्ये, श्वासाच्या आधी. तुकडा शांततेत गळला तर शांततेतून शांतताच गेली, काय ऐकू येणार? शब्दाच्या मध्ये गळला तर ‘ट’ ‘प’ च्या आघातात मिसळतो. तानपुऱ्यात शांतता नसतेच, म्हणून मला ऐकू आला. तुमच्याकडे तुटतंय असं मी म्हणत नाही, पण तुटत नाही हे तुम्ही अजून तपासलेलं नाही एवढंच म्हणतोय.

माईकमावशी
हे मात्र मी कधी लक्षात घेतलं नव्हतं. बरं, आईची सुरपेटी आहे घरात, इलेक्ट्रॉनिक. आज रात्री ती माईकसमोर तासभर लावून ठेवते, बफर १०२४, बाकी सगळं रोजचं तसंच. वायफाय चालू ठेवायचं ना? आणि पंचम पण लावू की नुसता षड्ज पुरे?

खर्जतार
चालू ठेवा, रोज असतं तसंच. षड्ज पुरे, आणि आवाज बारीक ठेवा म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये आवाज फाटणार नाही. ऐकताना हेडफोनवर ऐका. माझ्याकडे वायफायचा नवा ड्रायव्हर टाकून झालाय, मी पण आज काळी चार लावतो, वायफाय चालू ठेवूनच.