नव्या फुटबॉल संघाचा पहिलाच सराव सामना 0-3. किती मनावर घ्यायचं?

गोलखांब
आपल्या नव्या संघाचा लीगपूर्व पहिला मैत्रीपूर्ण सामना काल 0-3 असा गेला. मांडणी 4-3-3 (चार बचावात, तीन मध्ये, तीन पुढे), समोर जुना, मुरलेला संघ. 18व्या मिनिटाला पहिला गोल खाल्ला, मध्यंतराला 0-1. 60व्या मिनिटाला प्रशिक्षकांनी एकदम नऊ खेळाडू बदलले आणि त्यानंतर दोन गोल पडले: एक कॉर्नरवर, एक आपल्याच गोल किकवरून (आपल्या गोलसमोरून खेळ पुन्हा सुरू करायची किक). चेंडूचा ताबा आपल्याकडे जास्त होता, तरी गोलवर फटके दोनच. लीगला तीन आठवडे उरलेत. जाणकारांनी सांगावं. 'सराव सामनाच तर होता' एवढं सोडून काहीही चालेल.

लाइनमन
60व्या मिनिटाला रेघ मारा आणि दोन वेगळे सामने समजा. मैत्रीपूर्ण सामन्यात दोन्ही संघांचं ठरलं आणि रेफरीला आधी सांगितलं, तर हवे तितके बदल करता येतात. लीगमध्ये पाचच. त्यामुळे नऊ नवे चेहरे एका दमात आत आलेला संघ लीगमध्ये दिसणारच नाही.

कॉर्नरवरचा गोल बहुधा त्यातूनच आला. जागा वाटून बचाव करताना जवळच्या खांबापाशी कोण, सहा यार्डांच्या पेटीच्या कडेला कोण, हे नावानिशी ठरलेलं असतं. नऊ जण बदलले की ते वाटप पुन्हा करावं लागतं, आणि सराव सामन्यात ते बऱ्याचदा राहून जातं. हा गोल विसरा.

पायही जड असणार. तयारीच्या मधल्या आठवड्यांत धावण्याचा भार जास्त असतो, सामन्यासाठी तो कमी केला जातोच असं नाही.

निकालाचंच म्हणाल, तर अमेरिकेतल्या इंटर मियामीने 2024 च्या लीगपूर्व दौऱ्यात सौदीच्या अल-नस्रकडून 0-6 असा मार खाल्ला आणि त्याच हंगामात 74 गुणांचा विक्रम करून सपोर्टर्स शील्ड, म्हणजे लीगमध्ये सर्वाधिक गुणांसाठीची ढाल, जिंकली.

सहावा_नंबर
मियामी तेव्हा नवा संघ नव्हता, म्हणून ते उदाहरण इथे अर्धंच लागू पडतं. मिनेसोटा युनायटेड पाहा. 2017 मध्ये मेजर लीग सॉकरमध्ये, म्हणजे मियामीच्याच लीगमध्ये आले, पहिले दोन सामने 1-5 आणि 1-6 असे हरले, हंगामात 70 गोल खाल्ले. पण नवा म्हणजे कच्चाच असंही नाही. शिकागो फायरने 1998 च्या पहिल्याच हंगामात करंडक नेला.

मला 18व्या मिनिटाचा गोल जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो पहिल्या पसंतीच्या अकरा जणांनी खाल्ला. चित्रीकरण असेल तर चेंडू गमावला त्या क्षणी थांबवा आणि तीन गोष्टी सांगा: चेंडूमागे आपले किती जण, दोन्ही फुलबॅक (कडेचे बचावपटू) कुठे, आणि बचावात्मक मिडफिल्डर कुठे.

गोलखांब
पाहिलं. दोन्ही फुलबॅक मध्यरेषेच्या पुढे, मिडफिल्डर उजवीकडे पास मागायला गेलेला. मागे फक्त दोन सेंटर बॅक (मधले बचावपटू), समोरून तिघे आले.

सहावा_नंबर
मग दुखणं तिथेच आहे. आपण हल्ल्यात असताना मागे कोण उरतं, हे ठरलेलं नाही. दोन्ही फुलबॅक एकदम वर गेले तर सहा नंबरच्या खेळाडूने, म्हणजे त्या बचावात्मक मिडफिल्डरने, सेंटर बॅकांच्या पुढ्यातली जागा सोडायची नाही. त्याला सरकायचंच असेल तर एका फुलबॅकने थांबायचं. म्हणजे मागे निदान तिघे, समोर दोन स्ट्रायकर असतील तरी एक जास्त.

दुसरं, चेंडू गेल्यावर जवळच्या दोघा-तिघांनी पाच-सहा सेकंद तुटून पडायचं असतं. एक धावला आणि बाकीचे माघारी फिरले, की समोरच्याला मान वर करून लांब पास द्यायला वेळ मिळतो. बचावाची रेघ वर असताना तोच पास जीव घेतो. वेगवेगळ्या संघांतून आलेल्यांना वेगवेगळ्या सवयी असतात: कुणाला चेंडू गेल्याबरोबर पुढे धावायची, कुणाला मागे यायची. नव्या संघाला सगळ्यांत उशिरा जमतं ते हे.

ताब्याच्या आकड्याने हुरळू नका. समोरचा संघ मध्यरेषेजवळ घट्ट उभा राहिला, तर आपले सेंटर बॅक एकमेकांना पास देत राहतात आणि टक्केवारी फुगते.

शिट्टी
गोल किकबद्दल कुणी बोललं नाही. 2019 पासून चेंडू पेनल्टी क्षेत्राबाहेर जाण्याआधीच आपला खेळाडू तो घेऊ शकतो. प्रतिस्पर्ध्यांनी मात्र किक होईपर्यंत बाहेर थांबायचं. म्हणून गोलकीपर शेजारच्या सेंटर बॅकला छोटा पास देतो. त्यात धोका असा, की पास मिळताना सेंटर बॅकची पाठ मैदानाकडे असेल तर तो अडकलाच. शरीर तिरकं हवं आणि चेंडू लांबच्या पायावर घ्यायला हवा. समोरचे तिघे क्षेत्राच्या कडेला टपलेले दिसले तर सरळ लांब मारायचा. काल गोलकीपरला ही मुभा होती का? नसेल, तर चूक खेळाडूपेक्षा सूचनेची.

लाइनमन
बरोबर. 'सहावा'चं म्हणणंही मान्य, पहिल्या गोलाला मी हात लावला नव्हता. पुढच्या सामन्यात धावफलक सोडा, पहिला तासभर वही घेऊन बसा. मधल्या पट्ट्यात चेंडू गेला की तेव्हा मागे किती जण होते तेवढा आकडा लिहा. दहा नोंदींत सात-आठ वेळा तीन किंवा जास्त आले तर सराव त्याच गोष्टीचा झालाय असं समजायला हरकत नाही, पुन्हा 0-3 झालं तरी.

गोलखांब
आणि दोनच येत राहिले तर?

सहावा_नंबर
तर तो सहा नंबर बदलायला हवा, किंवा मांडणी 4-2-3-1 करून त्याच्या शेजारी आणखी एक जण उभा करायला हवा. तीन आठवड्यांत दुसरं जास्त सोपं.