चार कुटुंबांत मिळून तलावावरची हाउसबोट घ्यायची आहे : वाटणी आणि देखभालीबद्दल सल्ला हवा

पाणकणीस

नमस्कार. आम्ही चार कुटुंबं मिळून एक जुनी हाउसबोट घ्यायच्या विचारात आहोत. तळ पोलादी, लांबी साधारण १५ मीटर, एक डिझेल इंजिन, एक जनरेटर, आठ जणांची झोपायची सोय, वर मोकळी गच्ची. तलाव धरणाचा आहे, आणि बोट कायम तिथल्याच धक्क्याला बांधलेली असेल. एकट्याने घ्यायची कुणाचीच ऐपत नाही. घेतली तरी वर्षातून चार-पाच आठवड्यांवर कुणालाच जमणार नाही, हे चौघांनाही मान्य आहे.

आमची ओळख पंधरा वर्षांची. एकत्र प्रवास केले, एकमेकांच्या अडीअडचणीला धावलो, पण पैशाचा व्यवहार कधी केला नाही. त्यामुळे मला बोटीपेक्षा मैत्रीची काळजी जास्त वाटते आहे. आठवडे कसे वाटून घ्यायचे? खर्च सारखा विभागायचा की वापराप्रमाणे? दुरुस्तीकडे कोणी बघायचं? एखाद्याला मधेच बाहेर पडायचं झालं तर काय? ज्यांनी अशी भागीदारी निभावली आहे किंवा मोडताना पाहिली आहे, त्यांनी मोकळेपणाने लिहावं. व्यवहार महिनाभरात ठरेल.

जुनं वल्हं

आम्ही सहा जण भागीदार आहोत, यंदा नववं वर्ष. तुमचे प्रश्न वाचताना आमचेच जुने दिवस आठवले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आठवड्यांचं सोपं आहे. वर्षाच्या सुरुवातीला चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवा. पहिल्या फेरीत १, २, ३, ४ या क्रमाने एकेक आठवडा निवडायचा, दुसऱ्या फेरीत ४, ३, २, १ असा उलटा. म्हणजे ज्याला पहिल्या फेरीत उरलासुरला आठवडा मिळाला, त्याला दुसऱ्यात पहिली निवड मिळते. पुढच्या वर्षी पहिला शेवटी जातो आणि बाकीचे एकेक पायरी वर सरकतात. ठरावीक आठवडे कायमचे कुणाच्या नावावर करू नका. सुट्टीचा आठवडा एकाच घराकडे अडकला की तिसऱ्या वर्षी कुरबुर सुरू होते. आणि कुणी निवडायच्या आधी वर्षातले दोन आठवडे देखभालीसाठी बाजूला काढा. ते कोणालाही द्यायचे नाहीत, कितीही गळ घातली तरी.

खर्चाचे तीन भाग करा. धक्क्याचं भाडं, विमा, नोंदणी, वर्षाची तपासणी हे सगळ्यांना सारखं, मग कोणी एक दिवस राहो नाहीतर चाळीस. डिझेल, गॅस, जनरेटर हे वापराप्रमाणे. इंजिन आणि जनरेटर दोघांवरही तास मोजणारा मीटर असतो. बोट ताब्यात घेताना आणि सोडताना आकडा वहीत लिहायचा, वाद उरत नाही. तिसरा भाग गंगाजळीचा. दरमहा ठरलेली रक्कम वेगळ्या संयुक्त खात्यात गेलीच पाहिजे, बोट ठणठणीत असली तरी. इंजिन बसलं की चौघांकडे एकाच वेळी मोठी रक्कम असेल, हे गृहीत धरू नका.

आता खरं दुखणं. आमची भागीदारी मोडायला आली होती ती पैशावरून नाही, कामावरून. सहा जणांत एकाचं घर तलावापासून सर्वांत जवळ. वादळ आलं की फोन त्याला. पंपवाला येणार असला की उभं राहायचं त्याने. पाण्याची पातळी उतरली की दोर सैल करायला रात्री तोच. आम्ही बाकीचे मनापासून आभार मानत होतो आणि ते पुरेसं आहे असं समजत होतो. तिसऱ्या वर्षी त्याने शांतपणे सांगितलं की मला माझा हिस्सा विकायचा आहे. तेव्हा कुठे आम्ही बसून त्याच्या वर्षभराच्या फेऱ्या मोजल्या. त्या एकतीस निघाल्या. स्वतः राहायला तो वर्षात फक्त दोनदा गेला होता.

त्यानंतर आम्ही त्याच्या वाटचा ठरलेला खर्च माफ केला, आणि कामांची यादी करून बाकी पाच जणांत वाटली. तो अजून भागीदार आहे. तुमच्यातही असं एक जवळचं घर असणारच. त्याचं काय करायचं ते बोट घ्यायच्या आधी ठरवा.

लोखंडी तळ

वाटणीचं वर आलंच आहे, मी फक्त बोटीबद्दल लिहितो. पोलादी तळाची जुनी बोट पाण्याबाहेर काढून तपासल्याशिवाय एक पैसाही देऊ नका. विक्रेता म्हणेल, गेल्याच वर्षी रंग दिलाय. रंगाखाली काय आहे ते महत्त्वाचं. स्वतंत्र सर्व्हेअर, म्हणजे बोटी तपासणारा जाणकार, अल्ट्रासोनिक यंत्राने पत्र्याची जाडी जागोजागी मोजतो, विशेषतः पाण्याच्या रेषेजवळ आणि बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या आत अगदी तळाशी, जिथे पाणी साचून राहतं तिथे. ६ मिलिमीटरचा पत्रा झिजून कुठे ४ च्या खाली आला असेल, तर विमा देताना अनेक कंपन्या अडून बसतात, आणि तिथे नवा पत्रा जोडणं हे मोठं काम असतं. सर्व्हेअर विक्रेत्याने सुचवलेला नको. तुम्ही चौघांनी नेमलेला हवा.

तळाला डांबरी लेप असेल तर दर दोन-तीन वर्षांनी बोट बाहेर काढून तो नव्याने द्यावा लागतो. इपॉक्सीचा लेप जास्त टिकतो, पण पत्रा आधी स्वच्छ घासून घ्यावा लागतो. हे दिवस आणि हा खर्च आजच वेळापत्रकात घाला.

अ‍ॅनोडबद्दल बहुतेकांची चूक होते. तळाला बसवलेले ते धातूचे तुकडे पोलादाऐवजी स्वतः झिजतात, हेच त्यांचं काम. गोड्या पाण्यात जस्ताचे अ‍ॅनोड चालत नाहीत. त्यांच्यावर साय धरते आणि ते काम करायचे थांबतात. गोड्या पाण्यासाठी मॅग्नेशियम. तपासणीत अ‍ॅनोड नवाकोरा दिसला तर खूश होऊ नका, तो जोडलेलाच नसेल किंवा धातू चुकीचा असेल. शिवाय बोट धक्क्याच्या विजेला जोडलेली राहणार असेल तर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवून घ्या. नाहीतर अर्थिंगच्या तारेतून शेजारच्या बोटींशी विजेचं सर्किट पूर्ण होतं आणि तुमचा पत्रा त्यांचा अ‍ॅनोड बनतो.

शांतपाणी

एक वेगळं मत. लगेच घेऊ नका. याच आकाराची बोट एक हंगाम चौघांनी मिळून भाड्याने घ्या आणि वर जुनं वल्हं यांनी सांगितलेले नियम तिच्यावर चालवून बघा. मैल्याची टाकी कोण रिकामी करतं, कोण पसारा टाकून जातं, हे दोन फेऱ्यांतच कळतं.

पाणकणीस

शांतपाणी, सल्ला पटतो, पण ही बोट तोवर थांबणार नाही. लोखंडी तळ, सर्व्हेअर आम्हीच शोधतो आहोत, तळ पाण्याबाहेर काढायला विक्रेता तयार झाला. एक विचारते : जनरेटर मागच्या बाजूला आहे आणि धूर पाण्यालगत बाहेर पडतो. मुलं तिथूनच पाण्यात उतरतील. चालेल ना?

दिवा लावा

ताई, चालणार नाही. हे वाचून सगळ्यांना आजच सांगा.

जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. पाण्यात उतरायला बोटीच्या मागे जी फळी असते तिच्याखाली पोकळ जागा असते, तिथे तो कोंडतो. फळीला धरून पोहणारं मूल दोन-चार श्वासांत बेशुद्ध होऊन पाण्याखाली जाऊ शकतं, आणि लोक ते बुडणं समजतात. अमेरिकेतल्या लेक पॉवेलवर २००० साली दोन लहान भाऊ हाउसबोटीच्या मागे असेच गेले. त्यानंतर तिथल्या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेने, नायोशने, हाउसबोटींवर मोजमापं घेतली. हवेत दहा लाखांत १,२०० भाग हा वायू असला की तो जिवाला तत्काळ धोका मानला जातो. फळीखालच्या पोकळीत त्याच्या कित्येक पट सापडला. उपाय म्हणून त्यांनी धुराची नळी उभी करून छताच्या वर नेण्याची पद्धत तपासली, ती उपयोगी ठरली. तुमच्या बोटीवर तसा बदल करून घ्या, आणि तो खरेदीच्या खर्चातच धरा. तोपर्यंत नियम एकच : कुणी पाण्यात असेल तर जनरेटर आणि इंजिन बंद. प्रत्येक झोपायच्या खोलीत बोटींसाठी बनवलेला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवा.

डिझेलच्या धुरात हा वायू पेट्रोलपेक्षा कमी असतो, म्हणून कुणी म्हणेल की आपल्याला लागू नाही. ऐकू नका. जनरेटर कशावर चालतो ते आधी बघा, अनेक बोटींवर इंजिन डिझेलचं आणि जनरेटर पेट्रोलचा असतो.

दुसरी गोष्ट विजेची. धक्क्यावरच्या विजेला जोडलेल्या बोटींजवळ पोहू देऊ नका, स्वतःच्याही बोटीजवळ नाही. कुठे गळती असेल तर गोड्या पाण्यात धोका समुद्रापेक्षा मोठा, कारण गोडं पाणी विजेला आपल्या शरीरापेक्षा जास्त अडवतं आणि प्रवाह शरीरातून जातो. स्नायू आखडतात, हात मारता येत नाहीत. पोहायला आधी धक्का सोडून दूर जा.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी बिल्जमध्ये साचतो. सिलिंडरची जागा बाहेर उघडणारी आहे का तेही बघा.

माझा आवाज चढल्यासारखा वाटला तर राग मानू नका. मी हे जवळून पाहिलं आहे.

कलम बारा

करारनाम्यात काय असावं हे थोडक्यात लिहितो. नोंदणी चौघांच्या नावाने किंवा चौघांनी मिळून केलेल्या संस्थेच्या नावाने हवी, सोयीसाठी एकाच्या नावाने नको. त्या एकावर कर्जाची जप्ती आली तर बोट त्याचीच धरली जाईल. विम्यात चारही मालक आणि बोट चालवणारा प्रत्येक माणूस लिहिलेला असावा.

बाहेर पडणाऱ्याचा हिस्सा आधी उरलेल्या तिघांना द्यायचा, ६० दिवसांची मुदत, किंमत स्वतंत्र सर्व्हेअर ठरवेल ती. तिघांनी नाही म्हटलं तरच बाहेरचा, आणि त्यालाही तिघांची संमती. कोणी वारलं तर वारसाला हिस्सा मिळेल, पण कराराच्या अटींसकट. पैसे थकले तर किती महिन्यांनी त्याचे आठवडे थांबवायचे, हेही लिहा. मित्राला हे तोंडावर सांगणं अवघड असतं. कागदाने सांगितलेलं सोपं जातं.

चार हा आकडा मतदानाला वाईट आहे. दोन विरुद्ध दोन झालं तर काय? छोटी दुरुस्ती ठरलेल्या मर्यादेपर्यंत जो बोटीवर असेल त्याने विचारायला न थांबता करून घ्यावी. सुरक्षेची दुरुस्ती सर्व्हेअर म्हणेल तशी, तिथे मतदान नाही. बाकी हौसेच्या खर्चाला चौघांचा होकार.

जुनं वल्हं

कलम बारा यांनी लिहिलं त्यात पाण्याच्या पातळीचं एक कलम घाला. धरणाचा तलाव आहे म्हणता. दुष्काळात पाणी खाली गेलं की धक्के सरकवावे लागतात, बोटी पाण्यात उतरवायचे उतार उघडे पडतात, बोट बाहेर काढणंसुद्धा बंद होतं. वर उल्लेख आलेल्या लेक पॉवेलवरच २०२२ मध्ये पाणी इतकं उतरलं की बोटी उतरवायचे बरेच उतार बंद करावे लागले. अशा वर्षी ज्यांचे आठवडे बुडाले त्यांना पुढच्या वर्षी भरपाई द्यायची की नाही? आमच्याकडे हे लिहिलेलं नव्हतं, आणि ती चर्चा फार कडवट झाली.

ताबा देताना-घेताना मधे किमान अर्धा दिवस मोकळा ठेवा. सोडणाऱ्याने मैल्याची टाकी उपसून घ्यायची (तलावात एक थेंबही नाही, तेच पाणी कुणीतरी पितं), डिझेलची टाकी भरायची म्हणजे आत ओल धरत नाही, आणि बिल्जमध्ये वाकून बघायचं. आमच्या बिल्ज पंपाचा फ्लोट, म्हणजे पाणी चढलं की पंप सुरू करणारा तरंगता भाग, एकदा कचऱ्यात अडकला होता. दोन भागीदारांना पंप वाजत नाही हे जाणवलं होतं, पण दोघांनीही वहीत लिहिलं नाही. तिसऱ्याला गुडघाभर पाणी सापडलं.

लोखंडी तळ

अजून एक. चार कुटुंबं म्हणजे चार घरांचं सामान. प्रत्येकजण एक कपाट, दोन खुर्च्या आणून ठेवतो आणि परत नेत नाही. बोट एका अंगाला बसायला लागते. घेतल्या दिवशी पाण्याची रेषा रंगाने आखून ठेवा. आणि गच्चीवर सगळे एका बाजूला गोळा होऊन फोटो काढणं टाळा.

पाणकणीस

सगळ्यांचे मनापासून आभार. तपासणी झाली. पत्रा बहुतेक जागी ५ च्या वर भरला, मागच्या बाजूला एका पट्ट्यात ४.१. अ‍ॅनोड जस्ताचेच निघाले, लोखंडी तळ यांनी म्हटल्याप्रमाणे जवळजवळ नवे. जनरेटर पेट्रोलचा आहे. दिवा लावा यांचा प्रतिसाद मी चौघांच्या घरी वाचून दाखवला. धूर छतावर नेण्याचं काम झाल्याशिवाय मुलांना बोटीवर न्यायचं नाही, यावर एका मिनिटात एकमत झालं. विक्रेत्याने किंमत थोडी उतरवली. करार वकिलाकडे आहे.

एकच गोष्ट अडली आहे. आमच्यातलं जवळचं घर एका मित्राचं. त्याच्या कामाचा मोबदला म्हणून खर्चात सूट द्यायची म्हटलं तर त्याला वाईट वाटलं. म्हणतो, तुमच्याकडून पैसे घेऊ का मी?

जुनं वल्हं

आमचाही हेच म्हणाला होता, आणि तेव्हा ते खरंच होतं. त्याला हातात पैसे देऊ नका. करारातच लिहा की देखभाल बघणाऱ्या घराला ठरलेल्या खर्चातून सूट, आणि ते घर दर दोन वर्षांनी बदलू शकतं. म्हणजे ती सूट त्याची नाही, त्या कामाची झाली. महिन्याला किती फेऱ्या, तेही ठरवा. त्यावर फेरी लागली तर ती बाकी तिघांपैकी एकाने करायची, कितीही लांबून यावं लागलं तरी. पहिल्या वादळाच्या रात्री फोन त्याला न करता तुम्ही स्वतः निघा.