माशाचं सार पिऊन डोळे सुधारतात का?

देवगडवाली: भाचा ७ वर्षांचा, नंबर मायनस ११, जन्मतः टाळूला भेग होती, गुडघे पण दुखतात. डॉक्टर म्हणाले स्टिकलर सिंड्रोम, कोलॅजेनचा (शरीर बांधून ठेवणाऱ्या प्रोटीनचा) जन्मजात दोष. तेव्हापासून आई रोज सुरमईचं डोकं उकळून त्याला पाजतेय, काही उपयोग?

खाडीकाठ: पिऊ दे, चव तर आहे :) पण खाल्लेलं कोलॅजेन पोटात पचून त्याचे तुकडे होतात, ते डोळ्यात जाऊन बसत नाही. दोष बहुतेक वेळा टाइप २ कोलॅजेनच्या जीनमध्ये असतो आणि डोळ्यातली जेली त्याच धाग्यांवर उभी असते, म्हणून तर पडदा सुटायची भीती. काळे ठिपके, वीज चमकल्यासारखं दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर गाठा, सोमवारची वाट नको.

रापणवाला: कान पण तपासून घ्या.

देवगडवाली: अगो बाई, टीव्ही मोठ्याने लावतो तो!