ओलीचं गणित रात्रभर चालतं. पायथन सोडून दुसरी भाषा धरू का?

काळी माती
नमस्कार. मी सोलापुरात कृषी अभियांत्रिकीचं पदव्युत्तर शिक्षण घेतेय. घर मंगळवेढ्याकडचं, रानात मालदांडी. आपली रब्बी ज्वारी पेरणीनंतरच्या पावसावर कमी आणि सप्टेंबरात काळ्या रानानं पोटात धरून ठेवलेल्या ओलीवर जास्त येते, हे इथं सगळ्यांना माहीत आहे. म्हणून प्रकल्पाला विषय घेतला की १९०१पासून दरवर्षी ३० सप्टेंबरला रानात किती ओल होती.

हवामान खात्याची रोजच्या पावसाची माहिती पाव अंशाच्या चौकोनांत मिळते. २०२३पर्यंत धरलं तर ४४,९२५ दिवस होतात. आपल्या जिल्ह्यात असे साधारण वीस चौकोन बसतात. हिशोब साधा आहे. कालच्या ओलीत आजचा पाऊस मिळवायचा, उन्हानं उडालेलं पाणी वजा करायचं, शून्याखाली जाऊ द्यायचं नाही, आणि मातीत मावतं त्याच्या वर गेलं तर जादाचं वाहून गेलं असं धरायचं. मातीची खोली आणि धारणाशक्ती जागोजागी वेगळी, म्हणून ५०० वेगवेगळे संच धरून बघायचेत.

पायथनमध्ये पांडाज या लायब्ररीची डेटाफ्रेम, म्हणजे तक्ता केला आणि एकेका ओळीवर लूप चालवला, म्हणजे तोच हिशोब ओळीमागून ओळ फिरवला. एका संचाला दीड मिनिट लागतं, म्हणजे ५०० संचांना साडेबारा तास. परवा रात्री लावून झोपले. पहाटे लाइट गेली, बॅटरी जुनी, सगळं गेलं. मैत्रीण म्हणते सी शीक. मार्गदर्शक म्हणतात मॅटलॅब घे, पण त्याचं लायसन्स लॅबच्या मशीनवरच आहे आणि लॅब पाचला बंद होते. माझा लॅपटॉप ८ जीबीचा. खरंच भाषा बदलायला हवी का?

सात रस्ता
ज्युलिया ही भाषा घ्या. २०१२ साली लोकांसमोर आली, २०१८ला १.० आवृत्ती निघाली, आणि ती बनवणाऱ्या चौघांत आपले विरल शहा आहेत. तुमचा लूप आहे तसा लिहिला तरी सीच्या जवळपास पळेल. फक्त सगळं फंक्शनच्या आत लिहा. बाहेर मोकळे व्हेरिएबल ठेवून लूप चालवला तर ज्युलियाही रडते आणि नवा माणूस भाषेला नावं ठेवतो.

धोटा
ताई, लई चांगलं काम करलालाव. भाषा बदलायच्या आधी लूपकडं बघा.

पायथनमध्ये दशांश आकडा म्हणजे एक गाठोडं असतं. मूळ आकडा ८ बाइटचा. त्याच्यासोबत हा कुठल्या प्रकारचा आणि याला किती जणांनी धरलंय याची नोंद बांधलेली असते, मिळून २४ बाइट. बेरीज करायची म्हटली की इंटरप्रिटर, म्हणजे कोड ओळीओळीनं चालवणारा प्रोग्रॅम, गाठोडं सोडतो, प्रकार बघतो, बेरीज करतो आणि उत्तराचं नवं गाठोडं बांधतो. पांडाजमधून एकेक खण काढताना यात लेबल शोधण्याचं काम वाढतं. वीस चौकोन गुणिले ४४,९२५ दिवस म्हणजे सुमारे नऊ लाख ओळी. तुमचं दीड मिनिट त्यांच्यावर वाटून बघा, एका ओळीला शंभर मायक्रोसेकंद येतात. त्यातली खरी बेरीज-वजाबाकी काही नॅनोसेकंदांची आहे. बाकी सगळा वेळ गाठोडी सोडण्या-बांधण्यात जातो.

नमपाय ही पायथनची लायब्ररी याच्यासाठीच आहे. २००६मध्ये आलं. आकडे एकाला एक लागून उघडे ठेवतं आणि सबंध ओळीची बेरीज आतल्या सी कोडमध्ये एका दमात करतं. तुम्ही म्हणाल की आजची ओल कालच्या ओलीवर अवलंबून आहे, मग एका दमात कसं करणार? बरोबर आहे. शून्य आणि कमाल अशा दोन मर्यादा मध्ये असल्यानं नुसती चढती बेरीज घेऊनही भागत नाही. दिवसांचा लूप राहणारच. पण चौकोन एकमेकांवर अवलंबून नाहीत, आणि संचही नाहीत.

आमच्या घरी वडिलांचा चादरीचा माग होता. जॅकार्डवर पुठ्ठ्याचा भोकं पाडलेला पत्ता पुढं सरकला की त्या नक्षीला लागणारे ताण्याचे, म्हणजे उभे, सगळे धागे एकदम उचलले जातात, मग बाणा म्हणजे आडवा धागा घेऊन धोटा जातो. पुढचा बाणा आधीच्या बाण्यानंतरच पडणार, तिथं घाई चालत नाही. पण एका बाण्यासाठी शेकडो धागे हातानं एकेक कुणी उचलत बसत नाही. तुमचा दिवस म्हणजे बाणा. वीस चौकोन गुणिले ५०० संच, हे १०,००० धागे म्हणजे ताणा. तुम्ही एक धागा घेऊन सव्वाशे वर्षं चालत जाता, मग परत येऊन दुसरा धागा धरता. हे उलटं करा. बाहेरचा लूप फक्त दिवसांचा ठेवा आणि आत १०,००० आकड्यांचा एक अ‍ॅरे, म्हणजे नमपायची आकड्यांची रांग. मिळवा, वजा करा, मिनिमम, मॅक्सिमम. पायथनला ४५ कोटी वेळा ऐवजी ४४,९२५ वेळाच हात लावावा लागेल. माझा अंदाज, दहा सेकंदांच्या आत काम होईल.

हिप्परगा
मी कृषी संख्याशास्त्रातला, आर ही भाषा वापरतो. आरमध्येही दुखणं हेच आहे. २०१७च्या ३.४ आवृत्तीपासून फंक्शनं आपोआप बाइटकोडमध्ये, म्हणजे चालवायला सोप्या रूपात जातात, त्यामुळं साधा लूप पूर्वीइतका वाईट राहिला नाही. आमच्याकडं जास्त वेळ खाते ती एक सवय. लूपमध्ये प्रत्येक फेरीला तक्त्याखाली नवी ओळ जोडायची. प्रत्येक जोडणीला आधीचा सगळा तक्ता नव्यानं उतरवला जातो, ओळी दुप्पट झाल्या की वेळ चौपट. ताई, पांडाजमध्ये तुम्हीही असंच जोडत असाल तर आधी ते काढा, जागा अगोदरच आखून ठेवा.

मॅटलॅबसारखं ऑक्टेव्ह फुकट आहे आणि मॅटलॅबचा बराचसा कोड तसाच चालतो, पण लूपमध्ये मॅटलॅबपेक्षा बराच मागं पडतो. तुमच्या कामाला तो घेऊन फायदा दिसत नाही.

काळी माती
धोटा दादा, ताण्या-बाण्यावरून लगेच उमगलं. पण काल घाईत मी फक्त पांडाज काढून नमपायचा अ‍ॅरे घातला आणि लूप तसाच ठेवला. दीड मिनिटावरून दोन सेकंदांवर आलं. मग सहज म्हणून तेच आकडे साध्या लिस्टमध्ये ठेवले, तर एका सेकंदाच्या आत! नमपाय वेगवान म्हणतात ना, मग लिस्ट पुढं कशी?

धोटा
अ‍ॅरेत आकडे उघडे असतात. त्यातला एक आकडा पायथनच्या हातात द्यायचा म्हटलं की नमपायला त्याच वेळी त्याचं गाठोडं बांधावं लागतं. लिस्टमध्ये गाठोडी आधीच बांधून ठेवलेली असतात. म्हणून एकेक आकडा काढायचा असेल तर लिस्ट बरी, सबंध ओळ एकदम चालवायची असेल तर अ‍ॅरे. नमपाय घेऊन लूप तसाच ठेवणारे पुष्कळ आहेत, आणि तेच पुढं नमपायला दोष देतात.

लूप उलटा करायला जमत नसेल तर नंबा ही पायथनचीच लायब्ररी घ्या. फंक्शनच्या डोक्यावर एक ओळ लिहायची, ते पहिल्या हाकेला मशीन कोडमध्ये उतरतं. त्या पहिल्या वेळेला सेकंदभर लागतो, तो मोजण्यात धरू नका. नंबाला पांडाज कळत नाही, नुसते अ‍ॅरे द्या. एक व्यावहारिक अडचण अशी की पायथनची नवी आवृत्ती दरवर्षी ऑक्टोबरात येते आणि नंबा तिला जुळवून घ्यायला काही महिने लावतं. सगळ्यात ताजं पायथन टाकून बसलात तर इन्स्टॉल अडू शकतं. एक आवृत्ती मागं राहा.

जुना फोरट्रानवाला
मी निवृत्त आहे, आयुष्य फोरट्रान या जुन्या भाषेत गेलं. वेगाबद्दल या मंडळींनी बरोबर सांगितलं आहे. मला दोन गोष्टींची काळजी वाटते.

पहिली मेमरी. १०,००० धागे, ४४,९२५ दिवस, प्रत्येक आकडा ८ बाइट. गुणाकार करा, साधारण ३.६ जीबी. तुमच्या ८ जीबीत विंडोज आणि ब्राउझर बसल्यावर एवढी जागा उरत नाही. मशीन मेमरीऐवजी संथ डिस्क वापरायला लागेल आणि दहा सेकंदांचं काम तासावर जाईल, मग तुम्ही पुन्हा भाषेला बोल लावाल. तुम्हाला रोजची ओल ठेवायचीच नाही. ३० सप्टेंबरची ठेवा. १२३ वर्षं गुणिले १०,०००, म्हणजे १० एमबीसुद्धा होत नाही. कालची ओल एका अ‍ॅरेत, तीच आजच्यानं पुसायची. पावसाच्या अ‍ॅरेत दिवस पहिल्या अक्षावर ठेवा म्हणजे एका दिवसाचे आकडे शेजारी शेजारी येतील. नमपाय ओळीनं मांडतं, फोरट्रान आणि आर स्तंभानं मांडतात.

दुसरी गोष्ट मोठी आहे. खात्याच्या फाइलमध्ये देशाबाहेरच्या आणि समुद्रातल्या चौकोनांत -९९९ भरलेलं असतं. तुमच्या हिशोबात शून्याखाली न जाऊ देण्याची मर्यादा आहे, त्यामुळं चुकून असा चौकोन उचलला तर प्रोग्रॅम ओरडणार नाही. ओल निमूटपणे शून्य होईल आणि तुम्हाला वाटेल दुष्काळ होता. वेग वाढवायच्या आधी एक चौकोन, एक वर्ष, हातानं वहीवर करून पडताळा. आणि एखादा असा दिवस बघा जो सगळ्या जिल्ह्याला आठवतो. १४ ऑक्टोबर २०२० घ्या. कमी दाबाचा पट्टा बंगालच्या उपसागरातून आला, पंढरपूर-अक्कलकोटकडं पूर आले. पाऊस सकाळी साडेआठला मोजतात, म्हणून तो आकडा तुम्हाला १५ तारखेच्या नोंदीत दिसेल. दिसतो का ते सांगा.

काळी माती
काका, तुमचे फार उपकार झाले. आज दिवसभर यातच होते, म्हणून सविस्तर लिहिते.

१५ ऑक्टोबर २०२० काढला. सोलापूरला साजेसा आकडा कुठल्याच चौकोनात दिसेना. -९९९ही नव्हतं. पाऊस होता, पण थोडासा. आधी वाटलं माहितीच चुकीची असेल. मग फाइलची मांडणी पुन्हा वाचली. अक्षांश ६.५पासून सुरू, रेखांश ६६.५पासून, पाव पाव अंशानं. १७.५ अक्षांश म्हणजे ४४वा क्रमांक, ७५ रेखांश म्हणजे ३४वा, मोजणी शून्यापासून. मांडणीत आधी अक्षांश येतो. मी उलटं लिहिलं होतं, आधी रेखांश. म्हणजे मी ३४वा अक्षांश आणि ४४वा रेखांश उचलत होते. नकाशावर लावून बघितलं तर १५ अंश उत्तर, साडेसत्त्याहत्तर पूर्व. ते अनंतपूरच्या बाजूला येतं, आंध्रात!

तोही भाग आपल्यासारखाच कोरडा, त्यामुळं वर्षाची बेरीज बघून मला कधीच शंका आली नाही. चार महिने मी मंगळवेढ्याची ओल म्हणून अनंतपूरचा पाऊस मोजत होते. सी शिकले असते तर तोच पाऊस वेगानं मोजला असता. हे लिहिताना अजून हात थरथरतोय.

क्रमांक बरोबर केल्यावर १५ तारखेला आकडे एकदम वर गेले. १९७२ काढलं, तळाच्या वर्षांत आलं. घरी आजोबांना फोन करून विचारलं, ते म्हणाले त्या साली रानात नांगर शिरत नव्हता. मग धोटा दादांच्या पद्धतीनं लूप उलटा केला आणि फक्त ३० सप्टेंबर ठेवला. सगळे ५०० संच सहा सेकंदांत. नंबाही करून बघितलं, दोन सेकंद. सहा आणि दोनमध्ये मला फरक पडत नाही, म्हणून नमपायचाच कोड ठेवते, मार्गदर्शकांनाही तो वाचता येईल.

सात रस्ता
मी ज्युलिया सांगितली होती ती वेगासाठी. तुमचं काम सहा सेकंदांत होत असेल तर बदलू नका. पुढं प्रत्येक चौकोनात पिकाची वाढ, मुळांची खोली असे आत आत गुंतलेले नियम आले आणि ते अ‍ॅरेच्या मिनिमम-मॅक्सिममात बसेनासे झाले, की तेव्हा बघा. २०२३च्या १.९ आवृत्तीपासून पॅकेज उघडतानाचा जुना रखडपणाही बराच कमी झालाय.

हिप्परगा
ताई, तुमचे ५०० संच कसे निवडलेत? खोली आणि धारणाशक्ती वेगवेगळी सोडून चालणार नाही. आपल्याकडं माळावर वीतभर मातीखाली मुरूम लागतो आणि नदीकाठी काळी पुरुषभर खोल. संच जिल्हाभर सारखे लावण्यापेक्षा चौकोनागणिक वेगळे घ्या. वेळ आता हाताशी आहे.

काळी माती
हे डोक्यातच आलं नव्हतं. मंगळवेढ्याच्या चौकोनासाठी आधी आमच्याच रानात दोन जागी खड्डा घेऊन खोली मोजते, रविवारी जातेच आहे. बाकीच्या तालुक्यांतल्या कुणाला आपल्या रानात मुरूम किती खाली लागतो ते माहीत असेल तर इथं फुटात लिहा. करमाळा आणि सांगोल्याकडचं मला काहीच ठाऊक नाही.

जुना फोरट्रानवाला
सांगोला, शेत माळाला लागून आहे. विहीर खोदली तेव्हा सव्वा फुटावर मुरूम लागला होता. ओढ्याकडच्या तुकड्यात चार फूट. दोन्ही धरा.