चारकोल पावडरने दात घासले, आता गार पाण्याने कळ जातेय, मदत हवी आहे

नमस्कार, जरा लांबण लागेल पण सगळं सांगते.

माझे दात पहिल्यापासून पिवळट, फोटोत मी ओठ मिटूनच हसते. दोन महिन्यांपूर्वी व्हिडिओ बघून अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोलची पावडर मागवली. ओला ब्रश पावडरीत बुडवायचा आणि दोन मिनिटं घासायचं. पहिल्या आठवड्यात खालच्या दातांच्या आतले चहाचे डाग खरंच गेले, म्हणून हुरूप येऊन सकाळ-रात्र सुरू केलं आणि नेहमीची टूथपेस्ट पार बंदच केली.

आता गेले आठ दिवस गार पाण्याने चूळ भरली की वरच्या डाव्या सुळ्यात सणकन कळ जाते, दोन-तीन सेकंदांत थांबते, पण इतकी की डोळे मिटतात. शिवाय समोरच्या एका दातात दाताच्याच रंगाचं सिमेंट भरलंय, त्याच्या कडेने केसाएवढी काळी रेघ आलीये. मोबाईलचा टॉर्च धरून आरशात पाहिलं, फ्लॉस फिरवला, मऊ ब्रशने हळूहळू घासलं, रेघ तिथेच. आणि ज्यासाठी हा खटाटोप केला ते दात हिरडीजवळ उलट जास्त पिवळे दिसतायत, याचंच जास्त वाईट वाटतंय.

विषबाधेत हॉस्पिटलमध्ये चारकोल पोटात देतात, त्याच्या बारीक छिद्रांत विष धरून ठेवलं जातं, हे माहीत होतं, त्यामुळे डागही तसेच ओढून घेत असेल असं मी धरून चालले. नंतर वाचलं की अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या जर्नलमध्ये 2017 साली या विषयावरच्या अभ्यासांचा आढावा आला होता आणि चारकोलने दात पांढरे होतात किंवा ते सुरक्षित आहे असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. हे आधी वाचायला हवं होतं.

तर घासलं गेलेलं इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक आवरण, परत येतं का, ती रेघ निघेल का, आणि पेरॉक्साइडवालं व्हाइटनिंग आता केलं तर चालेल का? कोणी यातून गेलं असेल किंवा डेंटिस्ट असाल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद:
मी डेंटिस्ट आहे. पावडर आजच बंद करा. वरवरचे डाग मुख्यतः घासून निघतात, म्हणून पहिल्या आठवड्यात फरक दिसला, आतला रंग त्याने बदलत नाही. इनॅमल झिजलं की पुन्हा तयार होत नाही आणि त्याच्याखालचं डेंटिन मुळात पिवळसर असतं. हिरडीजवळ इनॅमल आधीच पातळ, आणि जोरात घासून हिरडी वर सरकली असेल तर मूळही उघडं पडतं, त्यावर इनॅमल नसतंच. तुमची कळ आणि पिवळेपणा दोन्ही त्यातून असू शकतं, पण कळ एकाच दातात आहे म्हणजे कीड किंवा तडा नाही ना हे बघून घ्याच.

तोवर मऊ ब्रश आणि फ्लोराइड असलेली सेन्सिटिव्हिटीची पेस्ट, 5 टक्के पोटॅशियम नायट्रेटवाली चालेल. फरक पडायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि घासून झाल्यावर फेस नुसता थुंका, लगेच चुळा भरू नका. रेघ बहुतेक सिमेंट आणि दाताच्या सांध्यात बसलेल्या कणांची आहे, पॉलिश करून बऱ्याचदा जाते, नाहीतर सिमेंट बदलावं लागतं. घरी टोकदार काही घालून कोरू नका. व्हाइटनिंग कळ थांबल्याशिवाय नको, कारण पेरॉक्साइडने ती वाढते. आणि त्याने सिमेंटचा रंग बदलत नाही, म्हणून आधी व्हाइटनिंग, मग दोनेक आठवडे थांबून त्या रंगाला जुळणारं नवं सिमेंट.

धागाकर्ती:
खूप खूप आभार, कालपासून नीट झोप नव्हती. गुरुवारची अपॉइंटमेंट घेतलीये. तोवर त्या सुळ्यावर ब्रश फिरवू की नको? भीती वाटते.

प्रतिसाद:
फिरवा, सोडू नका, थर साचला तर हिरडी सुजेल. पाणी कोमट घ्या आणि ब्रश मुठीत न धरता पेनसारखा बोटांत धरा, जोर आपोआप कमी पडतो.