मदत हवी आहे : मावळ्यांच्या फोटोत पहिला सोडून सगळे धुरकट

पक्या_ठाणे
मंडळी, रविवारच्या आत उत्तर हवंय. मावळे रांगेत उभे करून फोटो काढतोय. पहिल्याच्या मिशीचा फटकारा दिसतो, दुसऱ्यापासून पुढे सगळं धुकं. सेटिंग बदललं, लाइट वाढवला, काही फरक नाही. काय चुकतंय? गुगल कर म्हणून सांगू नका, ते करून झालंय.

खटपट्या
कॅमेरा कोणता? किती अंतरावरून? मावळे केवढे? आणि कोणतं सेटिंग बदललंत?

पक्या_ठाणे
मोबाइल. मावळे नेहमीचेच, दिवाळीच्या किल्ल्यावरचे. शाळेत असल्यापासून दरवर्षी दोन-चार घेतो, आता दीडशेच्या वर झालेत.

सुमाताई
दीडशे! आमच्या घरी माळ्यावर एका बुटाच्या खोक्यात होते. वर्तमानपत्रात गुंडाळलेले, निम्म्यांचे भाले मोडलेले. महाराज सिंहासनावर वीतभर, मावळे बोटाएवढे आणि वाघ बुरुजाएवढा. पायथ्याच्या गवळणीला पाहून मावळ्यांनीच पळून जावं. आई आळीव पेरायची, भाऊबीजेपर्यंत गड हिरवागार. आता सगळं प्लास्टिक. विषयांतराबद्दल क्षमस्व.

भिंगवाला
मोबाइलने हे होणार नाही. डीएसएलआर घ्या आणि वर १०० मिमीची मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून काढायची लेन्स. सेकंडहँड बघा. मी बारा वर्षं त्याच लेन्सने लग्नात अंगठ्यांचे क्लोजअप काढतोय.

खटपट्या
त्यांना रविवारी फोटो हवाय आणि तुम्ही हप्ते सुरू करून देताय. कॅमेरा घेऊनही हे दुखणं जात नाही. हिशेब करा. साधारण डीएसएलआरचा एपीएस-सी आकाराचा सेन्सर (प्रकाश टिपणारी चकती), ५४ मिमीचा शिपाई चौकटभर, लेन्सचं छिद्र एफ/८. स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम काही मिलिमीटर. म्हणजे ढाल स्पष्ट आली तर पाठ नाही. मागची रांग तर सोडूनच द्या.

भिंगवाला
मग एफ/२२ ला न्यायचं. एवढं साधं आहे.

खटपट्या
एफ/२२ ला छिद्र बारीक होऊन पट्टा पावणेतीन पट होईल, पण डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्यामुळे, सगळंच मऊ पडेल. मिशीही गेली.

भिंगवाला
लग्नात कोणी तक्रार केली नाही अजून.

खटपट्या
नवरदेव दोन इंचांचा नसतो.

गडप्रेमी_७४
फोटोचं होईल हो. मूळ प्रश्न वेगळा आहे. बाजारातल्या मावळ्यांच्या हातातल्या तलवारी बघा, सगळ्या एका साच्यातल्या, चंद्रकोरीसारख्या वाकड्या. सरळ पात्याची धोप कुठे गेली? यावर कोणी बोलत नाही.

सुमाताई
कारण कोणी विचारलं नाही, दादा.

पक्या_ठाणे
प्लीज विषयावर या. फोटो टाकलाय, बघा.

खटपट्या
डाव्या कोपऱ्यात ट्यूबलाइटची पांढरी पट्टी आहे. काचेतून काढताय का?

पक्या_ठाणे
हो, शोकेसमध्येच आहेत ना. बाहेर काढले की मोडतात.

खटपट्या
हे आधी सांगायचं! एक, काच सरकवा किंवा मावळे टेबलावर घ्या. दोन, तुम्ही चार बोटांवर फोन धरलाय. इतक्या जवळ गेलं की बरेच फोन आपणहून मॅक्रोवर, म्हणजे वाइड लेन्सवर जातात. मग पुढच्याचं डोकं भोपळ्याएवढं आणि मागचे मुंगीएवढे. हातभर मागे या, २एक्स करा, नंतर क्रॉप करा. मागे आलं की स्पष्ट पट्टा आपोआप वाढतो. तीन, फोन उलटा धरा, लेन्स टेबलाला टेकवून. मावळ्याच्या नजरेच्या उंचीवरून काढलं की तो मावळा दिसतो, वरून काढलं की खेळणं. चार, ट्यूब बंद, खिडकीचा उजेड, मध्ये ट्रेसिंग पेपर. बटण दाबताना हात हलतो म्हणून टायमर लावा. आणि रांग कॅमेऱ्यापासून लांब जाणारी नको, आडवी लावा. सगळे एकाच अंतरावर आले की भांडणच मिटलं.

पक्या_ठाणे
आडवी चालणार नाही. सोसायटीच्या दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ आहे, फोटो उभा हवा.

खटपट्या
(डोक्याला हात) बरं. मग शाळेच्या ग्रुप फोटोसारखं करा. जाड पुस्तकांच्या पायऱ्या, वर गोणपाट, त्यावर माती भुरभुरवा. पायऱ्या अगदी अरुंद ठेवा. मावळे एकावर एक उंच दिसतील, पण खोली चार-पाच सेंटिमीटरच्या आत राहील. तरीही मागचे मऊ वाटले तर फोन न हलवता तीन फोटो काढा, फोकस पुढे, मध्ये, मागे, आणि फोकस स्टॅकिंगच्या ॲपमध्ये जोडा.

लेस्टरकर
मी वेगळंच विचारतोय. तुमच्या फोटोत मागे लाल कोटातले दोघं आहेत, ते मावळे नव्हेत. हाताला जड लागतात का? बैठकीखाली किंवा घोड्याच्या पोटाखाली काही अक्षरं?

पक्या_ठाणे
ते आजोबांचे. हो, जड आहेत. 'ब्रिटन्स' असं काहीतरी वाचता येतंय. पायाशी पांढरी बुरशी आली होती, काल ओल्या फडक्याने पुसली.

लेस्टरकर
वाटलंच. बुरशी नाही ती, शिसं आहे. ब्रिटन्सनी १८९३ पासून पोकळ ओतीव शिशाचे सैनिक काढले, १९६६ पर्यंत. इथे रविवारच्या जुन्या बाजारात मी असेच एकेक जमवतो. लाकडाच्या बंद कपाटात आम्लाची वाफ साठते, ती शिशाला खाते आणि वर पांढरी भुकटी धरते. ती पोटात जाणं वाईट. फडकं टाकून द्या, हात साबणाने धुवा, घरातल्या पोरांच्या हाती देऊ नका, भुकटी फुंकू तर अजिबात नका. दोघांना लाकडाच्या शोकेसमधून काढून वेगळ्या काचेच्या बरणीत ठेवा. रंग मूळचा असेल तर नव्याने रंगवायच्या भानगडीत पडू नका, किंमत जाते.

भिंगवाला
किंमत किती येईल साधारण?

लेस्टरकर
आजोबांचे आहेत ते, विकायचं म्हणाले का पक्या?

नवा_सदस्य_११
मी तर माझे सगळे मावळे दरवर्षी कोमट पाण्यात साबण घालून धुतो. एकदम नव्यासारखे. पक्यानेही फोटोच्या आधी धुवावेत.

सुमाताई
अहो थांबा! तुमचे प्लास्टिकचे असतील. शाडूचा कच्चा मावळा पाण्यात घातला की बादलीत गाळ उरतो. मी लहानपणी महाराजांच्या हत्तीला अंघोळ घातली होती. फक्त सोंड हाताला लागली. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका, बस.

पक्या_ठाणे
सगळ्यांचे आभार, पायऱ्या जमल्या! खालचे सात मावळे चकाचक, पागोट्याचा पीळसुद्धा दिसतोय. मिशी शाबूत. सर्वात वरचा तुतारीवाला थोडा मऊ आहे, पण संपादक म्हणाले तिथे अंकाचं नाव येईल. लाल कोटवाले बरणीत गेले.

एकच घोळ झाला. शोकेसमधून काढताना तोफवाल्याचा हात निखळला. शनिवारी रात्री परत एक फोटो काढायचाय. फेव्हिकॉल चालेल का?

खटपट्या
शाडूचा, प्लास्टरचा की प्लास्टिकचा?